क्लॉनमॅकनॉइज : मठ कोणाचा, दगड कोणाचे?

प्रश्न : आयर्लंडमधला क्लॉनमॅकनॉइजचा मठ सेंट कीरनने सहाव्या शतकात स्थापन केला, असं वाचलं. आज दिसणारं दगडी काम त्याच्याच काळातलं का? आणि गोल मनोऱ्याचं दार एवढ्या उंचावर, ते व्हायकिंग या समुद्री लुटारूंच्या भीतीने का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असंच आहे. कीरन 544 च्या सुमारास मोजक्या सोबत्यांसह शॅनन नदीकाठी आला. पहिलं चर्च लाकडी. वर्ष सरायच्या आत तो साथीत गेला, अवघ्या 33 व्या वर्षी. मठ तगला तो जागेमुळे. भोवती दलदल, पण तिच्यातून हिमयुगात साचलेल्या वाळू-खडीचा लांबलचक उंचवटा जातो. पूर्व-पश्चिम ये-जा करायला कोरडी वाट तीच, आणि ती शॅननला मिळते तिथेच कीरनने मुक्काम केला.

लाकूड-कुडाच्या वस्तीचा घात आगीने व्हायचा. 1179 मध्ये 105 घरं जळाल्याची नोंद आहे. मोठं दगडी चर्च 909 चं, राजा फ्लान आणि मठाधिपती कोलमान यांनी बांधलेलं. समोरच्या चार मीटर उंच क्रुसावर दोघांची नावं आहेत. त्यावरची एक चौकट जवळून पाहा : दोन माणसं, मध्ये एक खांब, दोघांचेही हात त्यावर. कीरन आणि राजा डिअरमट पहिला खांब रोवताहेत, असं बरेच जण मानतात. काहींना त्यात फ्लान-कोलमान दिसतात. मूळ क्रूस पाहायचा तो इथल्या संग्रहालयाच्या दालनात. बाहेर उभी आहे ती प्रतिकृती.

मनोरा पुरा झाला 1124 मध्ये, व्हायकिंगांच्या धाडी ओसरल्यावर. (मठ जाळण्यात आयरिश राजेही मागे नव्हते.) आयरिश भाषेत अशा मनोऱ्याला ‘घंटाघर’ म्हणतात, काम तेच. पाया उथळ असतो. जमिनीलगत दार पाडलं तर बुडाची भिंत कमकुवत होते, म्हणून दार वर. आसरा म्हणून तर तो घातकच. आत लाकडी मजले, त्यामुळे आग लागली की धुराड्यासारखा पेटतो. 950 मध्ये स्लेन या दुसऱ्या मठाचा मनोरा आत लपलेल्या माणसांसकट जळाला. इथल्या मनोऱ्याचा माथा 1135 मध्ये विजेने उडवला.

1552 मध्ये जवळच्या अॅथलोन गावातल्या इंग्रज शिबंदीने घंटांपासून खिडक्यांच्या काचांपर्यंत सगळं लुटून नेलं. राहिल्या त्या शेकडो थडग्यांच्या शिळा. क्रूस, शेजारी ‘ओर दो’, म्हणजे ‘याच्यासाठी प्रार्थना’, आणि पुढे एक नाव.