प्राणी साधने वापरायला एकमेकांकडून शिकतात, की ते कौशल्य उपजतच असते?

निदान काही प्राण्यांच्या बाबतीत ते शिकलेले असते, आणि याचा मला सर्वांत पटलेला पुरावा गिनी देशातील बोसू येथील चिंपांझींचा आहे. ते तेलताडाची कठीण कवचाची बी एका सपाट दगडावर ठेवतात, दुसरा दगड हातोड्यासारखा धरून ती फोडतात आणि आतला गर खातात. पिल्लू आईला अगदी खेटून बसून हे न्याहाळते, तिने फोडलेला गर उचलून तोंडात टाकते, कधी नुसताच दगड हाताळते, तर कधी बी जमिनीवर ठेवून तिच्यावर हात आपटते. आई त्याला मुद्दाम धडे देत नाही, पण हुसकावूनही लावत नाही, आणि माझ्या मते ही सहनशीलताच येथे शिक्षकाचे काम करते. साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी बी आणि दोन्ही दगड यांचा मेळ बसू लागतो. त्या वयात जमले नाही, तर पुढे सहसा जमत नाही.

चिंपांझींचा अभ्यास करणारे जपानी संशोधक तेत्सुरो मात्सुझावा यांच्या गटाने बोसू येथे न आढळणाऱ्या कौला वृक्षाच्या बिया ठेवल्या, तेव्हा यो नावाच्या प्रौढ मादीने त्या लगेच फोडल्या. बहुधा हे ज्ञान तिने दुसऱ्या टोळीतून आणले असावे. तिच्याकडे टक लावून पाहणारी मुख्यतः लहान पिल्लेच होती.

उलट, जवळच्याच निंबा पर्वतातील रानटी चिंपांझींसमोर बिया आणि दगड दोन्ही ठेवले, तरी त्यांनी त्या फोडल्या नाहीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.