कापसाची जिन आणि दारूची जिन, शब्द एकच आहे का?

तुम्हाला कुणीतरी सांगितलं की कापसाच्या जिनला, म्हणजे कापसातली सरकी (बी) वेगळी करायच्या यंत्राला, हे नाव दारूवरून पडलं. नाही हो, दोघींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही.

मी हिंगणघाटकडचा. आमच्याकडे 'कापूस जिनात नेला' हे रोजचं बोलणं. लहानपणी बाबांसोबत गेलो की मी रेच्यापाशी, म्हणजे त्या जिनच्या यंत्रापाशी, जाऊन उभा राहायचो. चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, पाती सरकीला अडवते, अन् सरकी खाली टपटप पडत राहते. घरी येईस्तोवर भुवया पांढऱ्या. क्विंटलभर कापसातून रुई निघते जेमतेम ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच.

या जिनचं मूळ 'एंजिन' हा शब्द. लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'एंजिन' झालं, म्हणजे डोकं लढवून केलेली युक्ती किंवा यंत्र. इंग्रजांनी त्याचा पुढचा भाग खाल्ला, उरलं जिन. इंजिनियर हा शब्दही त्याच घरचा. ससे धरायच्या फाशालाही इंग्रजीत जिन म्हणायचे. अमेरिकेच्या एली व्हिटनीने १७९३ मध्ये कापसाचं प्रसिद्ध यंत्र केलं, पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. आपल्याकडे तर सरकी काढायची हातचरकी व्हिटनीच्या यंत्राहून जुनी. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्या घरघरणाऱ्या रेच्याच्या 'जिन' या नावात 'बुद्धी' दडलेली आहे.

दारूची जिन निघाली एका झाडातून. जुनिपर, आयुर्वेदातली हपुषा, हिच्या फळांचा वास त्या दारूला देतात. लॅटिन 'जुनिपेरस'चं फ्रेंचमधून डचांकडे 'जेनेव्हर' झालं. इंग्रजांनी त्याचं 'जिनिव्हा' केलं अन् मग शेपूट छाटून जिन. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराचा इथे काही संबंध नाही, नुसता उच्चार जुळला. लंडनमध्ये ही दारू इतकी बोकाळली की १७३६ मध्ये तिच्यावर कायदा करावा लागला. आमच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, त्यामुळे गावात 'जिन' म्हटलं की कुणालाही कापूसच आठवतो.

म्हणजे एका शब्दाचं डोकं उडालं, दुसऱ्याची शेपूट, आणि उरलेले तुकडे सारखे निघाले.

तुम्ही जीन पॅन्टचंही विचारलंय. ती तिसरीच, इटलीतल्या जेनोआ शहरावरून आलेली. कापूस मात्र तिच्यातही आहे.