नळ सोडून बसणाऱ्या मैत्रिणीस

‘ताई, माझं वय 56. अडीच वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या, वर्षभर बरं गेलं. आता तो परत आलाय आणि आतड्यावर बसलाय. पुन्हा केमो चालू आहे. जेवलं की अर्ध्या तासात मुरडा येतो. पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशी. चार दिवस काही होत नाही, पाचव्या दिवशी धावायची वेळ येते. संडासात मी नळ सोडून बसते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. लेक रजा काढून आली आहे. ताटात उरलं की तिचे डोळे भरतात, म्हणून दोन घास जास्त खाते आणि रात्रभर भोगते. डॉक्टरांकडे हे सोबत असतात. पोट कसं आहे विचारलं की मी “ठीक” म्हणते. मागच्या वेळी डॉक्टरांनी पोटावर शीची पिशवी लावायचा विषय काढला. पिशवी लावून जगायचं तर नकोच ते जगणं. माझं चुकतंय का?’

प्रिय मैत्रिणी,

माझी थोरली बहीणही नळ सोडायची. तिचा आजार वेगळा होता, पण नळ तोच. बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळायचं आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. तिला वाटायचं, कुणाला ऐकू जात नाही. आम्हाला वाटायचं, आपल्याला ऐकू येतं हे तिला ठाऊक नाही. असे कित्येक महिने गेले. एवढं पाणी आणि एवढी वीज घालवून कुणाची लाज राखली गेली, ते मला आजवर कळलेलं नाही.

पिशवी नको वाटते यात तुमचं काही चुकत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना नकोच वाटते. चुकतंय ते त्या ‘ठीक’मध्ये. तुमचा आजार सध्या ज्या जागी आहे तिथे तुमची शी, तुमचा वारा, तुमच्या कळा हीच खरी बातमी आहे. स्कॅन काही आठवड्यांनी एकदा होतो. पोट रोज बोलतं, आणि ते फक्त तुम्हाला ऐकू येतं.

आत काय चाललंय ते आधी सांगते, कारण तुमच्या पत्रावरून वाटलं की ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. अंडाशयातल्या कॅन्सरच्या पेशी सुटतात, पोटाच्या पोकळीतल्या पाण्याबरोबर फिरतात आणि जागा मिळेल तिथे चिकटतात. पोटाच्या अस्तराला, आतड्याच्या बाहेरच्या अंगाला. म्हणून हा आतड्याचा कॅन्सर नव्हे. तो आतड्यावर असला तरी अंडाशयाचाच, आणि औषधंही अंडाशयाचीच चालतात. म्हणूनच कधीकधी आतून दुर्बिणीने पाहिलं तर आतडं स्वच्छ दिसतं आणि बाई मात्र कळवळत असते. गाठी बाहेरून दाबतात, आतडं ओढलं जातं, कुठेतरी मुडपतं. अन्न त्या अरुंद जागेशी आलं की ते पुढे ढकलायला आतडं जोर लावतं. तुमचा मुरडा तो, आणि गुडगुडही बहुधा तीच.

पण सगळा दोष गाठींवर टाकू नका. जुन्या ऑपरेशनचे व्रण आत एकमेकांना चिकटतात, त्यानेही आतडं अडतं. केमोच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून देतात ती ऑनडॅनसेट्रॉनची गोळी पोट बांधते. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं तर हमखास बांधतात. आणि पाचव्या दिवशीची धावपळ म्हणजे जुलाबच, असंही नाही. पुढे खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी घेतली तर दुखणं वाढतं. पोट साफ करणारी जोरकस औषधंही मनाने घ्यायची नाहीत, कारण अरुंद जागेवर नुसता जोर लावला तर कळाच वाढतात. इसबगोलही नको. ते पाण्याने फुगतं, आणि तुमच्या आतड्यात फुगणाऱ्या गोष्टीला जागा कुठे आहे? यातलं काय चालेल हे डॉक्टर सांगू शकतात, पण तुमचं उत्तर ‘ठीक’ असेल तर त्यांनी सांगायचं तरी काय?

तेव्हा एक वही करा. साधी. माझ्या बहिणीच्या वहीतलं एक पान असं होतं: ‘सोमवार. शी नाही. वारा दोनदा. दुपारी जेवल्यावर पंचवीस मिनिटांनी कळ, बेंबीच्या उजवीकडे, दहा मिनिटं. उलटी नाही. संध्याकाळी पोट ताठ.’ एवढंच. त्या पाच ओळी वाचून तिच्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली होती.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून पुढच्या भेटीपर्यंत ठेवायच्या नाहीत. कळा येत-जात वाढत चालल्या, पोट फुगून टणक झालं, उलट्या सुरू झाल्या आणि शी तर नाहीच पण वाराही सरेनासा झाला, तर आतडं पूर्ण बंद झालेलं असू शकतं. खाणं थांबवायचं, पोटाचं कुठलंही औषध घ्यायचं नाही, आणि त्याच तासाला, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं. एकाएकी असह्य, न थांबणारं दुखणं उठलं तरी तेच. केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून वर गेला तरीही तेच. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. बेव्हासिझुमॅब हे औषध चालू असेल किंवा सुरू करायचं बोलणं चाललं असेल तर आतड्याचा त्रास तपशिलाने सांगणं आणखी गरजेचं आहे, कारण त्या औषधाने क्वचित आतड्याला भोक पडू शकतं.

आता लेक. ती ताटाकडे बघते कारण तिला दुसरं काही करता येत नाही. गाठ तिला दिसत नाही, उरलेले घास दिसतात. तिला बसवून एकदाच सांगा: ‘माझं आतडं एका जागी बारीक झालंय. भरल्या ताटाने मला दुखतं. मी कमी खाते ते तुझ्या हातच्या चवीमुळे नाही.’ मग तिला काम द्या. तीनदा पोटभर वाढण्याऐवजी सहादा थोडंथोडं. मऊ शिजलेलं, सालं-बिया काढलेलं, चोथा कमी. आयुष्यभर आपण ऐकत आलो की पालेभाजी खा, कोंडा खा, सालीसकट खा. इथे सगळं उलटं आहे, आणि तिची सारी माया नेमकी त्या चोथ्यात जात असणार. चावून चावून खा, सावकाश. वाईट दिवशी नुसतं पातळ घ्या. तरी वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञ मागा. हॉस्पिटलात त्या असतात, पण बोलावल्याशिवाय सहसा येत नाहीत.

(लेकीच्याच संदर्भात आणखी एक. तुमची बीआरसीए जनुकांची तपासणी झालेली नसेल तर विचारा. या जनुकांतल्या बिघाडाने कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बिघाड आईकडून लेकीकडे जाऊ शकतो. तुमच्या औषधांसाठी ती उपयोगाची आहे आणि तिच्यासाठीही.)

राहिली पिशवी. डॉक्टरांनी विषय काढला म्हणजे ती लावायचीच असं नाही. कित्येकदा तो प्रश्न असतो, आणि उलट विचारायचा प्रश्न हा: ‘अरुंद जागा एकच आहे, की अनेक?’ एकाच ठिकाणी अडत असेल आणि अंगात ताकद असेल तर त्याच्या वरच्या भागातून आतड्याचं तोंड पोटावर काढून, शी गोळा करायला तिथे पिशवी लावून सुटका होऊ शकते. मोठ्या आतड्यात, खालच्या बाजूला अडत असेल तर कधी आतून जाळीची नळी बसवता येते. पण गाठी जागोजागी विखुरलेल्या असतील तर ऑपरेशनचा त्रास जास्त आणि फायदा थोडा, असं होऊ शकतं. तेव्हा स्टेरॉइड, आतड्यातला स्राव कमी करणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, उलटीची आणि कळांची औषधं यांवर भर देतात. म्हणजे ‘पिशवी नको’ हे उत्तर कदाचित डॉक्टरांचंही निघेल. पण ते पोट बघून निघू दे. लाजेपोटी नको.

आणि पिशवी आलीच तर? माझ्या बहिणीला होती, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आतड्याचं ते तोंड लालबुंद आणि ओलं असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला स्पर्शाने दुखत नाही. पुसताना थोडं रक्त लागतं, पहिल्यांदा आम्ही दोघी घाबरलो होतो. घाबरायचं ते रंग काळपट-जांभळा झाला तर. पहिल्या दिवशी बदलायला पाऊण तास गेला आणि ती रडली. महिन्याभरात दहा मिनिटांवर आलं, तेही गप्पा मारत. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड होऊ द्यायची नाही. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक मापात कापायचं. सैल राहिलं की त्यातून झिरपून कातडी जळते, आणि निम्मी रडारड त्या कातडीचीच असते. पिशवी लहान आतड्याची असेल तर पातळ फार जातं, अंगातलं पाणी आणि मीठ उतरतं. नुसतं पाणी पिऊन ते भरत नाही, क्षारांचं पाणी लागतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्या केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध असेल तर बोटं बधिर होत असतील. मग पिशवीचं तोंड बंद करायचा चिमटा लावणं जमत नाही. हे स्टोमा नर्सला, म्हणजे पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सला, आधीच सांगा, दाबून बंद होणाऱ्या पिशव्या मिळतात. ऑपरेशनआधी पोटावर जागेची खूण करतात, तेव्हा उभ्या राहा, बसा, वाका. कपड्याचा पट्टा कुठे येतो ते दाखवा. ही खूण करून घेणं हा तुमचा हक्क आहे.

एवढं सगळं ऐकूनही तुम्ही नको म्हणालात तर ते तुमचं नको असेल आणि मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण तुमचं आत्ताचं ‘नको’ मला पिशवीचं वाटत नाही. ते नळाच्या मागून आल्यासारखं वाटतं.

‘पॅलिएटिव्ह’, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारा विभाग, ही पाटी दिसली तर तिथून पळू नका. ते शेवटचं दार नाही. कळा, उलट्या, रात्रीची जाग हेच त्यांचं काम, आणि केमोबरोबरही ते चालतं. आजच विचारा.

यजमानांना मी दोष देत नाही. चाळीसेक वर्षांत ज्या माणसासमोर आपण हे शब्द उच्चारले नाहीत, त्याच्यासमोर डॉक्टरांच्या टेबलाशी ते एकदम कसे येतील? म्हणून पुढच्या भेटीला वही न्या. तोंड उघडलं नाही तर पान उघडून टेबलावर ठेवा, डॉक्टर वाचतील. तेही नको असेल तर यजमानांना फाईलची झेरॉक्स काढायला पिटाळा. झेरॉक्सला दहा मिनिटं सहज लागतात. तुम्हाला पाच पुरतील.