हनुवटी फुगलेला मासा

प्रश्न : आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बांगाई कार्डिनल माशांची जोडी आहे. गेले नऊ दिवस त्यातला एक मासा खायला येत नाही, कोपऱ्यात थांबून असतो. हनुवटी फुगली आहे. दुकानदार म्हणतो, तांब्याचं औषध टाका. टाकू का? शिवाय टाकी रिकामी वाटते, म्हणून आणखी चार आणायचा विचार आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : औषधाची बाटली आधी कपाटात ठेवा. तांब्याने टाकीतली कोळंबी आणि प्रवाळ मरतील, आणि तुमचा मासा बहुधा आजारी नाहीच. तो बाप होतो आहे.

रात्री टाकीतले दिवे बंद केल्यावर लहान टॉर्च बाजूने धरून बघा. तो मधूनच जबडा उघडून तोंडातलं काहीतरी घोळवतो. तेव्हा नारिंगी मण्यांचा घोस दिसेल. ती अंडी. या जातीत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. साधारण तीन आठवड्यांनी अंडी फुटतात, त्यानंतरही पिल्लं आठवडा-दहा दिवस बापाच्या तोंडातच राहतात. म्हणजे जवळजवळ महिनाभर त्याचा उपास. श्वास फार जलद चालला असेल, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी पडत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी; मला पुन्हा लिहा.

तोवर त्याला जाळीने पकडू नका. डोंबिवलीत माझ्या पहिल्या नराला मी ‘सुरक्षित’ जागी हलवायला गेले आणि घाबरून त्याने सगळी अंडी थुंकली. सकाळी ती बुरशीने पांढरी झाली होती. सोळा वर्षं झाली, तरी ते अजून मनाला लागतं. तापमान २५-२६ अंशांवर, पाण्याचा खारेपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२४ च्या आसपास स्थिर ठेवा, आणि वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवापंप आणून ठेवा.

पिल्लं बाहेर पडतील तेव्हा जेमतेम सेंटिमीटरभर असतील, पण दिसायला हुबेहूब आईबापांसारखी. मोठे मासे त्यांना खातात, म्हणून विसाव्या दिवसापासून रोज पहाटे नजर ठेवा आणि दिसली की पेल्याने अलगद उचला. वेगळ्या छोट्या टाकीत लांब काट्यांच्या सी अर्चिनसारखं (हा गोळ्यासारखा काटेरी समुद्री जीव) काहीतरी ठेवा. मी काळ्या केबल-टाय एका गोळ्यात खोचून ठेवते, पिल्लं लगेच त्यात शिरतात. खायला ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे अगदी बारीक जीव, पण ती ओमेगा-३ युक्त द्रावणात काही तास ठेवून मगच द्या. नुसत्या आर्टेमियावर वाढलेली पिल्लं दोन-तीन आठवडे छान दिसतात आणि एके सकाळी दिवा लावताच दचकून तडफडून मरतात. दिवाही एकदम लावू नका, आधी खोलीतला लावा.

आता आणखी चार. आणू नका. जोडी जमली की ती इतरांना कोपऱ्यात कोंडून मारते. समुद्रात हे मासे थव्याने दिसतात, पण तिथे पळायला जागा असते.

आणि हे मासे येतात कुठून, तेही बघा. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई द्वीपसमूह आहे. तिथलाच हा रहिवासी. १९३३ साली याची शास्त्रीय नोंद झाली, नंतर कित्येक दशकं कोणी विचारलं नाही, आणि नव्वदच्या दशकात मत्स्यालयांच्या बाजारात त्याला एकाएकी मागणी आली. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं लहानपणी प्रवाहाबरोबर लांब वाहत जातात. यांची जात नाहीत, बापाच्या तोंडातून थेट त्याच सी अर्चिनच्या काट्यांत उतरतात. त्यामुळे एका खाडीतले मासे उचलले की शेजारच्या खाडीतून नवे येत नाहीत. २००७ पासून ही जात धोक्यात असल्याची आंतरराष्ट्रीय नोंद आहे.

पुढे कधी जोडी घ्यावीशी वाटलीच, तर दुकानदाराला विचारा, टाकीत जन्मलेली आहे का. तशी पिल्लं गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) लवकर खायला लागतात. आणि तुमची दहा जरी वाचली, तरी तीन-चार महिन्यांनी त्याच दुकानदाराला द्या. तेवढे दहा मासे बांगाईहून आणावे लागणार नाहीत.