'एड्सची लागण' की 'एचआयव्हीची लागण'?

प्रश्न असा आहे: बातम्यांत कधी 'एड्सची लागण' वाचायला मिळतं, कधी 'एचआयव्हीची लागण'. दोन्ही बरोबर का? आणि माणसाला 'एड्सग्रस्त' म्हणावं की 'एचआयव्हीबाधित'?

लागण होते ती विषाणूची, म्हणजे एचआयव्हीची. उपचार मिळाले नाहीत तर बहुधा काही वर्षांनी जी अवस्था येते ती एड्स. त्यामुळे 'एड्सची लागण' चूकच.

'लागण' हा शब्द मात्र इथे विलक्षण चपखल आहे. उसाचीही लागणच करतात. कांडी मातीत रोवतात. एचआयव्ही अगदी हेच करतो. सीडी-४ प्रथिन असलेल्या टी पेशींना (या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तो चिकटतो, आत शिरतो, स्वतःच्या आरएनएवरून (यात त्याची जनुकीय माहिती असते) डीएनए घडवतो आणि तो पेशीच्या डीएनएमध्ये रोवतो. मग ती पेशीच नवे विषाणू तयार करत राहते आणि अखेर मरते. आसपासच्या, नीट लागण न झालेल्या पेशीही मोठ्या संख्येने मरतात. म्हणून 'विषाणू पांढऱ्या पेशी खातो' हे वाक्य मला पटत नाही. शिवाय इतर रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावतात त्या याच टी पेशी. त्या घटल्या की क्षयासारखे आजार डोकं वर काढतात.

उसाची उपमा आणखी पुढे जाते. ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो. औषधांनी विषाणूची वाढ थांबते, पण काही पेशींत रोवलेला डीएनए तसाच राहतो. गोळ्या बंद केल्या की तो पुन्हा फुटतो. गोळ्या आयुष्यभर का घ्यायच्या, हे शेतकऱ्याला 'खोडवा' या एका शब्दात सांगता येईल.

आता 'ग्रस्त'. 'ग्रस्' म्हणजे गिळणे, ग्रास त्यातलाच. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. मग 'एड्स' तरी नेमकं कधी म्हणायचं? निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. त्या २००च्या खाली गेल्या, किंवा ठरावीक गंभीर आजार जडले, की एड्स म्हणतात. नियमित गोळ्या घेऊन नोकरी-संसार करणाऱ्या माणसाला 'गिळलेला' म्हणणं खोटंही आहे आणि निष्ठुरही. 'बाधित' त्या मानाने सौम्य, म्हणून चालेल. मी स्वतः 'एचआयव्ही असलेली व्यक्ती' असंच लिहितो.

जाता जाता: 'एचआयव्ही विषाणू'ही नको. त्यातल्या 'व्ही'चा अर्थच विषाणू.