क्रिएटिनीन नॉर्मल, मग तपासणी कशाला?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवा क्रिएटिनीन १.१ आलं, रिपोर्टवर ते नॉर्मलमध्येच आहे. अंगावर सूज नाही, लघवीची तक्रार नाही. गुडघे दुखले की ती स्वतःच डायक्लोफेनॅक घेते. भाऊ म्हणतो, किडनीच्या आणखी तपासण्या नकोत. काय करावं?

उत्तर : तपासण्या करून घ्या, आणि त्या लांबवू नका.

क्रिएटिनीन हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. उतारवयात स्नायू झिजतात, त्यामुळे किडनीचं काम मंदावलं तरी हा आकडा फारसा चढत नाही. म्हणून वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, काढतात. तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनीन १.१ असेल तर त्याचा ईजीएफआर ९०च्या आसपास येतो. तोच १.१ तुमच्या आईचा असेल तर ५५च्या आसपास! ६०च्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर तो किडनीचा दीर्घकालीन आजार धरतात. बऱ्याच रिपोर्टांत ईजीएफआर क्रिएटिनीनच्या खालीच छापलेला असतो. नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

दुसरी तपासणी लघवीची, आणि हीच सर्रास राहून जाते. तिचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनीनशी प्रमाण. नेहमीच्या लघवी तपासणीत निसटणारं थोडंसं अल्ब्युमिनही तीत सापडतं. एसीआर ३०च्या (मिग्रॅ/ग्रॅम) आत असेल तर ठीक. जास्त आलं तर लगेच घाबरू नका. ताप किंवा लघवीतला जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. पुन्हा तपासून खात्री करायची. दोन्ही चांगलं आलं तरी मधुमेहात दरवर्षी हे करायचंच.

सूज नाही म्हणून निर्धास्त राहिलेले रुग्ण मी फार पाहिलेत, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. सूज, मळमळ, थकवा ही बहुतेकदा उशिराची लक्षणं. तोवर जे गेलं ते सहसा परत मिळत नाही. लवकर कळलं तर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवून, शिवाय किडनीला जपणारी औषधं देऊन, झीज पुष्कळ लांबवता येते. भावाला एवढं जरूर सांगा.

डायक्लोफेनॅक मात्र आजपासून बंद. अशा वेदनाशामक गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर धोका आणखी वाढतो. गुडघ्यांसाठी दुसरं काय देता येईल, ते रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हाच विचारा.