वाचकांचे प्रश्न: अरबी वाळवंटातल्या प्राचीन वास्तूंकडे, गाडीने

प्रश्न: मुलगा मस्कतला नोकरीला आहे. डिसेंबरात आम्ही दोघे आठ दिवसांसाठी जाणार आहोत. तिथे मला गाडी चालवता येईल का? जुन्या वास्तू किती बघून होतील? — वाचक, फोंडा

उत्तर: येईल. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढा. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. पासपोर्ट लागतो; व्हिसा आणि डॉक्टरांचा दाखला यांची अट २०२२ मध्ये काढली. मुदत एक वर्षाची, आणि मूळ परवाना सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. वाहतूक उजव्या बाजूने चालते. गर्दीत माणूस सावध असतो, इतरांच्या मागून जातो; चूक होते ती सकाळी पंपावरून रिकाम्या रस्त्यावर येताना. गोल चौकात आधीपासून आत असलेल्या गाडीला पहिला हक्क.

निझवा मस्कतहून सुमारे १६० किलोमीटर, रस्ता उत्तम. तिथे दोन रात्री राहा. पुढे चाळीसेक किलोमीटरवर बहला: कच्च्या विटांचा प्रचंड किल्ला, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. त्याच्याही पलीकडे अल्-ऐनची थडगी आहेत, आणि एकच जागा बघायची झाली तर आम्ही हीच सांगू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातली, मधमाशांच्या पोळ्यासारखी दगडी थडगी डोंगरधारेवर एका ओळीत उभी आहेत आणि मागे जबल मिश्तचा उभा कडा. दुपार कलल्यावर पोहोचा, तेव्हा ऊन कड्यावर असते. थडग्यांवर चढू नका, टेकूही नका. दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत. एक सरकला की वरचे सुटतात.

दक्षिण ओमानमधल्या सलालाला मात्र गाडीने जाऊ नका. हजार किलोमीटर सरळ सपाट रस्ता, त्यावर झोप येते. विमानाने जा आणि तिथे गाडी घ्या. शहरातच अल्-बलीद या जुन्या बंदराचे अवशेष, पूर्वेला चाळीस किलोमीटरवर सुम्हुरम हे धुपाच्या व्यापाराचे बंदर. तिथे शालभंजिकेची, म्हणजे झाडाची फांदी धरून उभ्या स्त्रीची, छोटी भारतीय कांस्यमूर्ती सापडली आहे. आपल्याकडून गेलेल्या माणसाने हे बंदर बघायलाच हवे. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी नको. आपल्याकडे रस्त्यावर गुरे बसतात, तिथे उंट उभे असतात. धडक पायांना बसते आणि सगळे धड काचेवर येते.

प्रश्न: भाड्याची फोर-बाय-फोर घेऊन वाळूत उतरायचे तर काय तयारी करावी? — वाचक, डिचोली

उत्तर: आधी विम्याचा कागद वाचा. बहुतेक करारांत डांबर सोडल्यावर टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान भाडेकरूच्या माथी असते. दुसरी गाडी सोबत नसेल तर वाळूत उतरूच नका.

हवा मोजायचा गेज, हवा भरायचा बारा व्होल्टचा कंप्रेसर, फावडे, ओढायचा पट्टा आणि दोन जाड फळ्या घ्या. पिण्याचे पाणी माणशी रोज पाच लिटर, शिवाय एका दिवसाचे राखीव. वाळू लागण्यापूर्वी टायरमधली हवा ३५ वरून १५ ते १८ पीएसआयवर आणा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागते आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. पण अशा टायरवर जोरात वळण घेतले तर तो रिमवरून निसटतो. डांबरावर परतल्यावर आधी हवा भरा, मग वेग घ्या. कमी हवेच्या टायरची भिंत सतत दुमडते, तापते आणि फुटते. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. दुपारी आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढाल तर रात्री ती कमी पडेल.

चाक फिरू लागले आणि गाडी पुढे जाईना, की लगेच ॲक्सिलरेटर सोडा. बहुतेक गाड्या इथेच बुडतात: चालक रेटत राहतो, चाके खड्डा करतात आणि गाडी पोटावर बसते. पोटाखालची आणि चारही चाकांपुढची-मागची वाळू उपसा, हवा १२ पर्यंत उतरवा आणि आल्या चाकोरीतून हळू मागे घ्या.

पांढरट, सपाट, घट्ट दिसणारी जमीन वाळूपेक्षा वाईट. तिला सब्खा म्हणतात. आपल्या खाडीकाठच्या खाजनातला वाळलेला पापुद्रा आठवा: वर कडक, खाली चिखल. ओमानच्या पश्चिमेचा उम्म अस्-समीम हा भाग असाच आहे. तिथे हवा कमी करूनही गाडी निघत नाही.

प्रश्न: फेब्रुवारीत जॉर्डनला पेट्रा बघायला जातो आहोत. वाळवंटात पुराची भीती खरी आहे का? — वाचक, वाळपई

उत्तर: खरी आहे. सत्तरी तालुक्यात वर डोंगरात पाऊस पडला की खालच्या ओहळाला ऊन असतानाही पाणी चढते, तेच तिथे होते. फरक एवढा की उघड्या खडकावर आणि कडक मातीत पाणी मुरत नाही, सगळे एकदम खाली येते. पेट्रात शिरायची वाट म्हणजे सीक, सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. तिच्या तोंडाशी पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी बांध घालून पाणी बोगद्यातून बाहेर वळवले होते. तो बांध ढासळलेला असताना, एप्रिल १९६३ मध्ये, लोंढा सीकमध्ये शिरला आणि वीसहून अधिक पर्यटक बुडाले. पुढे त्याच जागी नवा बांध बांधला.

म्हणून एक दिवस मोकळा ठेवा. पावसाचा इशारा असेल तर त्या दिवशी आत जाऊ नका. निरभ्र दिवशी सकाळी फाटक उघडताच शिरा; डोंगरावर खडकात कोरलेल्या अद्-दैर या वास्तूच्या आठशेवर पायऱ्या दुपारनंतर चढा, तेव्हा ऊन त्याच्या दर्शनी भिंतीवर येते. अम्मानहून किंग्ज हायवे सुंदर आहे, पण तो वादी मुजिबच्या खोल दरीत वळणावळणाने उतरतो. ढग दाटले असतील तर डेझर्ट हायवे घ्या, तीनेक तासांत पोहोचाल.